छोट्या आगगाडीचा मोठा खटला

१३ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने एक निकाल दिला. वाद होता घरात रूळ मांडून चालवायच्या छोट्या आगगाड्यांच्या सॉफ्टवेअरचा. एका बाजूला हौसेपोटी प्रोग्रॅम लिहून तो जगाला फुकट देणारी मंडळी होती, तर दुसऱ्या बाजूला त्याच छंदातल्या लोकांना सॉफ्टवेअर विकणारी ओरेगॉन राज्यातली एक छोटी कंपनी. दोघांपैकी कुणाच्याही पाठीशी बड्या उद्योगाचे बळ नव्हते. तरीही लिनक्स फाउंडेशन, क्रिएटिव्ह कॉमन्स, ओपन सोर्स इनिशिएटिव्ह, पर्ल फाउंडेशन, विकिमीडिया फाउंडेशन अशा संस्थांनी आपले म्हणणे या खटल्यात न्यायालयापुढे मांडले. मालकाने जी वस्तू स्वतःहून फुकट देऊन टाकली, तिच्यावर त्याचा हक्क उरतो का, असा तो प्रश्न होता. उत्तर ‘नाही’ आले असते, तर मुक्त सॉफ्टवेअरचा सगळा डोलारा अमेरिकेत तरी नुसत्या विश्वासावर उभा राहिला असता.

मॉडेल रेल्वेचा छंद अमेरिकेत आणि युरोपात मोठ्या माणसांचा आहे. अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन १९३५ पासून त्याचे नियम आणि मापे ठरवत आली आहे. पूर्वी रुळांतल्या विजेचा दाब कमी-जास्त करून गाडीचा वेग बदलत. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने ठेवली की दोन्ही एकदमच पळत. १९९० च्या दशकात डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे डीसीसी, ही पद्धत रूढ झाली. या पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच सांकेतिक आज्ञा जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची इवलीशी चिप असते. ती आपल्या नावाची आज्ञा ओळखते आणि बाकीच्या सोडून देते.

या चिपमध्ये आकडे साठवायचे कप्पे असतात. त्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही १ मध्ये इंजिनाचा पत्ता असतो, सीव्ही ३ मध्ये वेग किती सावकाश घ्यायचा ते, सीव्ही ४ मध्ये किती सावकाश थांबायचे ते. कारखान्यातून येणाऱ्या इंजिनाचा पत्ता बहुधा ३ असतो. म्हणून दोन नवी इंजिने शेजारी ठेवली, की एकाला दिलेली आज्ञा दोघेही पाळतात. सीव्ही २९ तर बेरजेचा मामला आहे. मोठा पत्ता हवा असेल तर ३२, वेगाचे २८ टप्पे हवे असतील तर २, जुन्या साध्या विजेवरही इंजिन चालावे असे वाटत असेल तर ४. बेरीज ३८, ती त्या कप्प्यात भरायची. ठरावीक कप्पे सगळीकडे सारखे, पण बाकीचे कप्पे प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने वापरतो. कुणाच्या चिपमध्ये कोणत्या आकड्याने पुढचा दिवा मिणमिणतो, हे त्या त्या कंपनीची पुस्तिका उघडल्याशिवाय कळत नसे. हातातल्या रिमोटवर एकेक आकडा दाबत बसणे हे चिकाटीचे काम होते.

ही कटकट संपवली ती रॉबर्ट जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. जेकबसन हे तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. मॉडेल रेल्वे हा त्यांचा फावल्या वेळातला छंद. त्यांच्या पुढाकाराने जेएमआरआय, म्हणजे जावा मॉडेल रेलरोड इंटरफेस, हा प्रकल्प उभा राहिला. त्यातला डिकोडरप्रो हा प्रोग्रॅम संगणकाच्या पडद्यावर साध्या शब्दांत पर्याय दाखवतो. आपण निवड करायची, बेरीज आणि कप्पे प्रोग्रॅम सांभाळतो. त्यामागे खरी मेहनत होती ती ‘डेफिनिशन फाइल’ नावाच्या मजकुरांची. अमुक कंपनीच्या अमुक चिपमधल्या कोणत्या कप्प्याचा अर्थ काय, हे त्या फाइलींत नेटके मांडलेले असे. जगभरच्या हौशी लोकांनी पुस्तिका वाचून, आपापल्या इंजिनांवर करून पाहून त्या लिहिल्या होत्या. हे सगळे सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य मिळत होते.

विनामूल्य मिळत होते, पण त्यासोबत परवाना होता. परवान्याचे नाव ‘आर्टिस्टिक लायसन्स’. पर्ल या संगणकीय भाषेचे जनक लॅरी वॉल यांनी तो आपल्या भाषेसाठी लिहिला होता. रिचर्ड स्टॉलमन यांच्या संस्थेने १९८९ मध्ये आणलेला जीपीएल हा परवाना कडक, कारण बदललेला प्रोग्रॅम वाटायचा असेल तर तोही त्याच मोकळेपणाने वाटा, असे तो बजावतो. आर्टिस्टिक लायसन्स त्या मानाने मवाळ होते. त्याची भाषाही वकिली थाटाची नव्हती, आणि ती संदिग्ध आहे अशी टीका खुद्द स्टॉलमन यांच्या संस्थेने केली होती. त्याचे सार थोडक्यात असे की हा कोड घ्या, बदला, वाटा, आपल्या विक्रीच्या मालात मिसळा. मात्र मूळ लेखकांच्या स्वामित्वहक्काची नोंद पुसू नका, आणि बदल केला असेल तर काय आणि केव्हा केला ते फाइलीत ठळकपणे लिहा. पैसा नको, पण नाव आणि हिशेब हवा, एवढीच किंमत.

खटल्याची सुरुवात मात्र कॉपीराइटने, म्हणजे स्वामित्वहक्काच्या मुद्द्याने, झाली नाही. ओरेगॉनमधल्या कॅमाइंड असोसिएट्स या कंपनीकडे मॉडेल रेल्वेच्या नियंत्रणाबाबतची पेटंटे होती. मॅथ्यू कॅट्झर हे तिचे प्रमुख. मार्च २००५ पासून जेकबसन यांना कंपनीच्या वतीने पत्रे येऊ लागली. जेएमआरआयचे सॉफ्टवेअर आमच्या पेटंटचा भंग करते, सबब वाटलेल्या प्रत्येक प्रतीमागे पैसे द्या, असा त्यांचा आशय. एकूण मागणी दोन लाख डॉलरांच्या वर गेली. ज्या वस्तूपासून एक पैसाही मिळत नव्हता, तिच्यासाठी एका प्राध्यापकाकडे मागितलेली ही रक्कम होती. त्याच वर्षी माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली जेकबसन जिथे कामही करत त्या सरकारी प्रयोगशाळेकडेही त्यांचा पत्रव्यवहार मागण्यात आला. माणसाच्या नोकरीच्या ठिकाणी असा अर्ज पोचला की त्याच्यावर काय दडपण येते, हे वेगळे सांगायला नको.

अशा वेळी बहुतेक हौशी माणसे काम थांबवतात आणि मोकळी होतात. जेकबसन यांनी उलटी वाट धरली. मार्च २००६ मध्ये त्यांनी स्वतःच उत्तर कॅलिफोर्नियाच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. आपल्याकडून पेटंटचा भंग झालेला नाही आणि ते पेटंट वैधही नाही, असे जाहीर करावे, ही मुख्य मागणी. सोबत बदनामीचा आणि स्पर्धाविरोधी वर्तनाचा आरोपही होता. सुरुवातीचे फटके त्यांनाच बसले. बदनामीचा आरोप न्यायालयाने फेटाळला आणि समोरच्या पक्षाच्या वकिलांची फी त्यांच्यावर टाकली. न्याय मागायला गेलेल्या माणसाच्या खिशातूनच पैसे गेले.

याच वर्षी दाव्यात दुरुस्ती होऊन नवा मुद्दा आला. कंपनी ‘डिकोडर कमांडर’ नावाचे आपले सॉफ्टवेअर विकत होती आणि त्यात जेएमआरआयच्या डेफिनिशन फाइलींतला मजकूर होता. कोड वापरायला परवान्याची आडकाठी नव्हतीच. आडकाठी होती ती अटींची. त्या फाइलींतून लेखकांची नावे गेली होती. जेएमआरआयच्या स्वामित्वहक्काची ओळ गेली होती. परवान्याचा पूर्ण मजकूर कुठे वाचावा हे सांगणारा ‘कॉपिइंग’ या फाइलीचा उल्लेख गेला होता. मूळ फाइली सोर्सफोर्जवरच्या जेएमआरआयच्या आहेत, हे कुठे लिहिले नव्हते. मूळ मजकुरात काय बदल केले, तेही नमूद नव्हते. विकत घेणाऱ्याने ती फाइल उघडून पाहिली असती, तर ती कुणी लिहिली हे कळायला त्याला मार्ग नव्हता. कॉपी केल्याची गोष्ट कंपनीने अपिलात नाकारली नाही. तिचे म्हणणे एवढेच की परवाना होता, म्हणून हा कॉपीराइटचा भंग नव्हे.

जिल्हा न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांना हे म्हणणे पटले. ऑगस्ट २००७ मध्ये त्यांनी जेकबसन यांनी मागितलेला मनाई हुकूम नाकारला. परवाना मुद्दामच सैल ठेवलेला आहे, तो जगातल्या कुणालाही वापराची मुभा देतो; अटी पाळल्या नसतील तर तो फार तर करारभंग, असा त्यांचा निष्कर्ष होता.

इथे कायद्याची एक बारीक गाठ आहे आणि सगळा खटला तिच्यावर फिरला. समजा एका शेतकऱ्याने शेजाऱ्याला सांगितले, माझ्या शेतातून जा, पण जाताना कवाड लावून घे. शेजाऱ्याने कवाड उघडे टाकले. आता त्याने नुसता शब्द मोडला, की तो परवानगीशिवायच शेतात शिरला असे मानायचे? कवाड लावण्याचे ते वेगळे वचन असेल, तर फक्त शब्द मोडला. जाण्याची मुभाच त्या अटीवर टिकून असेल, तर तो आगंतुक ठरला. सॉफ्टवेअरच्या बाबतीत पहिल्या अर्थाने करारभंग होतो आणि दुसऱ्या अर्थाने कॉपीराइटचा भंग.

फरक पुस्तकी वाटेल, पण व्यवहारात तो जमीन-अस्मानाचा आहे. करारभंगात नुकसान पैशांत दाखवावे लागते. जे फुकट वाटले, त्याचे नुकसान किती? शून्य. शिवाय करारभंगासाठी न्यायालय सहसा ‘विक्री थांबवा’ असा हुकूम देत नाही. म्हणजे जिल्हा न्यायालयाचा निर्णय कायम राहिला असता, तर मुक्त परवान्याच्या अटी मोडणाऱ्याला भरपाई द्यावी लागली नसती आणि मालही मागे घ्यावा लागला नसता. मग तो परवाना म्हणजे नुसती विनंती.

याआधी असे वाद न्यायालयांत पोचले नव्हते असे नाही. जर्मनीत २००४ मध्ये हॅराल्ड वेल्टे या लिनक्सच्या प्रोग्रॅमरने म्युनिकच्या न्यायालयातून साइटकॉम या कंपनीविरुद्ध जीपीएलच्या भंगाबद्दल मनाई हुकूम मिळवला होता. अमेरिकेत २००७ मध्ये बिझीबॉक्स या लहानशा पण अनेक उपकरणांत लपलेल्या प्रोग्रॅमच्या लेखकांनी मॉन्सून मल्टिमीडिया या कंपनीवर दावा लावला. तो काही आठवड्यांतच मिटला. अमेरिकेतली प्रकरणे अशी तडजोडीत विरत गेली आणि मुक्त परवान्याच्या अटी मोडणे म्हणजे कॉपीराइटचा भंग, असे तिथल्या कुठल्याही अपील न्यायालयाने स्पष्ट सांगितलेले नव्हते. सगळे तसे गृहीत धरून चालले होते. आगगाडीच्या या खटल्याने ते गृहीतक कसोटीला लावले.

दाव्यात पेटंटचा मुद्दा असल्यामुळे जेकबसन यांचे अपील गेले फेडरल सर्किटकडे. निकाल लिहिला न्यायाधीश फेथ हॉकबर्ग यांनी. त्यांनी परवान्याची वाक्ये एकेक करून वाचली. परवानगी देणारी वाक्ये ‘अमुक केलेत तर’ अशा शर्तीने बांधलेली होती, आणि कॅलिफोर्नियाच्या करारकायद्यात अशी भाषा अटच मानली जाते. अटी पाळल्याशिवाय मुभा नाही, आणि मुभेशिवाय केलेली कॉपी म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग. एका प्रोग्रॅमरने वकिली थाट नसलेल्या भाषेत लिहिलेला परवाना न्यायालयात ताठ उभा राहिला.

निकालाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. पैसे घेतले नाहीत म्हणजे आर्थिक हित नाही, हे न्यायालयाने मान्य केले नाही. फुकट वाटल्याने प्रोग्रॅमचा प्रसार होतो, लेखकाची ख्याती वाढते, ओळख ना देख असे तज्ज्ञ चुका शोधून देतात आणि मूळ काम झपाट्याने सुधारते. लेखकाचे नाव आणि मूळ ठिकाणाचा पत्ता टिकला, तरच वापरणारा माणूस प्रकल्पाकडे परत येतो. बदलांची नोंद राहिली, तरच मूळ लेखकाला पुढचे काम कळते. म्हणून नावाची आणि नोंदीची अट हाच त्या देवाणघेवाणीचा मोबदला आहे. रात्री जागून चिपच्या कप्प्यांचा अर्थ लावणाऱ्या माणसाला त्याच्या नावाखेरीज काहीच मिळत नसते. ते नाव म्हणजे किरकोळ बाब, असे म्हणायला न्यायालयाने नकार दिला, ही फार मोठी गोष्ट होती.

निकालाने लढाई संपली नाही. प्रकरण परत जिल्हा न्यायालयाकडे आले आणि जानेवारी २००९ मध्ये मनाई हुकूम पुन्हा नाकारला गेला. भरून न येणारी हानी पुराव्याने दाखवलेली नाही, असे कारण या वेळी दिले गेले. तत्त्व जिंकले होते, पण हाती काही लागले नव्हते. दरम्यान, ज्या पेटंटवरून पत्रे सुरू झाली होती, त्यावरचा हक्क कंपनीने २००८ मध्ये स्वतःच सोडून दिला होता. डिसेंबर २००९ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने जेकबसन यांच्या बाजूने महत्त्वाची गोष्ट मान्य केली. काम फुकट वाटले असले, तरी ते करणाऱ्यांच्या श्रमाला पैशांत मोजता येईल अशी किंमत आहे आणि तसा पुरावा नोंदीत आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली. जेएमआरआयचा मजकूर पुन्हा कॉपी करणार नाही, असा कायमचा मनाई हुकूम कंपनीने मान्य केला आणि दीड वर्षाच्या मुदतीत १ लाख डॉलर द्यायचे कबूल केले.

पहिल्या पत्रापासून तडजोडीपर्यंत पाच वर्षे गेली. हा इतिहास वाचताना छोट्या कंपनीला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्याने हाती काही लागत नाही. छोट्या व्यवसायात वकील नसतो, परवाने वाचायला वेगळा माणूस नसतो. काम तातडीने द्यायचे असते. नेटवर तयार कोड दिसतो, तो उतरवून घेतला जातो, आणि वरच्या दहा-बारा ओळी अडगळ समजून खोडल्या जातात. या खटल्यातल्या कॉपीराइटच्या वादाची मुळे अशाच खोडलेल्या ओळींत होती. परवान्याने विक्रीला बंदी घातली नव्हती. त्या ओळी राहू दिल्या असत्या आणि बदलांची चार वाक्ये लिहिली असती, तर कॉपीराइटचा हा दावा उभाच राहिला नसता.

आपल्याकडच्या व्यावसायिकांनाही हे परके नाही. पुण्या-मुंबईत, नाशिकमध्ये किंवा कोल्हापुरात वेबसाइट, बिलिंगचे सॉफ्टवेअर, मोबाइल ॲप बनवणारा आज मुक्त कोडाशिवाय काम करू शकत नाही. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. संगणकीय प्रोग्रॅमला तो साहित्यकृती मानतो. त्याचे कलम ५७ लेखकाला आपल्या कृतीवर नाव सांगण्याचा हक्क देते, मग त्याने स्वामित्वहक्क दुसऱ्याला दिलेला का असेना. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ब हक्कांविषयीची डिजिटल माहिती जाणूनबुजून आणि अधिकाराविना काढून टाकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. जेएमआरआयच्या फाइलींतून जे पुसले गेले, तसल्याच माहितीला आपला कायदाही जपतो.

करायचे काय, तर फार काही नाही. आपल्या मालात बाहेरचा कोणता कोड आहे, तो कुठून आणला, कोणत्या परवान्याखाली, याची एक यादी ठेवायची आणि नवा तुकडा घेतला त्याच दिवशी तिच्यात ओळ घालायची. फाइलीच्या माथ्यावरच्या नोंदी जशाच्या तशा ठेवायच्या. आपण केलेला बदल तारखेसह लिहायचा. परवाना जीपीएलसारखा असेल, तर ग्राहकाला सोर्स कोड द्यावा लागेल का, हे दर ठरवण्याआधी तपासायचे. परवान्याच्या अटी आपल्याला परवडत नसतील, तर लेखकाला सरळ पत्र लिहायचे. पुष्कळदा तो वेगळी परवानगी द्यायला तयार असतो.

याकडे कटकट म्हणून पाहणारे एक गोष्ट विसरतात. उद्या त्यांचीच छोटी कंपनी आपले एखादे साधन मोकळे करील, आणि एखादी मोठी कंपनी ते उचलून तिचे नाव खोडील, तेव्हा तिच्या हाती कोणते हत्यार असेल? तिच्याकडे वकिलांची फौज नसेल. असेल तो फक्त फाइलीच्या माथ्यावरचा परवाना, आणि तो मोडणे हा कॉपीराइटचा भंग आहे असे सांगणारा दाखला. तो दाखला एका प्राध्यापकाने फावल्या वेळातल्या कामासाठी, खिशाला झळ सोसून मिळवून दिला. त्याचा सगळ्यात जास्त उपयोग लहानांनाच आहे, म्हणून तो पाळण्याची जबाबदारीही लहानांनी आधी उचलावी.